शेवटचा ल

ईव्हा पोपलला आमच्या कारखान्यात कुणी ईव्हा म्हणत नसे. सगळे ईव्हल म्हणत. इंग्रजीत ते ऐकायला पापी, दुष्ट असलं काहीतरी वाटतं, आणि बाहेरगावचा एखादा पाहुणा दचकून तिच्याकडे बघायचासुद्धा. आमच्या मनात तसलं काही नव्हतं. ब्रिस्टलच्या माणसाची जीभच तशी. शब्द 'आ'वर संपला की आम्ही त्याला एक ल चिकटवतो आणि पुढे जातो. अमेरिकेला अमेरिकल, चायनाला चायनल, सोड्याला सोडल. आणि आम्हाला स्वतःला तो ल ऐकू येत नाही. हे कुणी तोंडावर सांगितलं तर आम्ही भांडायला उठतो. मी स्वतः उठलो आहे, दोनदा, आणि एकदा तर माझ्याच सासऱ्याशी.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या एका अक्षरावर घडलं. तेव्हा दोन देशांचे मोठमोठे लोक दुसऱ्याच अक्षरावरून भांडत होते. विमानाच्या नावाच्या शेवटी ई लावायचा की नाही, यावरून. कॉन्कॉर्ड, इंग्लंड आणि फ्रान्सने मिळून बांधायला घेतलेलं. फ्रेंचांनी ई लावला. आमचा एक पंतप्रधान त्यांच्यावर कशावरून तरी रुसला होता, त्याने काढून टाकला. मी सिरिल ब्रेसी, ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर भागातल्या एका लहानशा कारखान्यात विमानाच्या भागांचे नकाशे तपासणारा. फ्रान्समधल्या तुलूजहून त्यांचे कागद आले की त्यावरचा तो ई ब्लेडने खरवडून काढायचा, हे माझं सरकारी कर्तव्य होतं. विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणार आणि आम्ही दोन्ही देश अक्षरं खरवडत बसणार. मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

आमचा कारखाना म्हणजे सत्तरऐंशी माणसं आणि एक मालक, हक्स्टेबलसाहेब. मोठं विमान शहराच्या दुसऱ्या टोकाला फिल्टनला जुळत होतं. आमच्या वाट्याला आलं होतं त्याच्या पोटाखालचं एक झाकण, साधारण पोळपाटाएवढं. ते झाकण ज्या पत्र्यावर बसायचं तो पत्रा तुलूजजवळचा एक तसलाच लहान कारखाना करायचा. म्हणजे बैठक त्यांची आणि झाकण आमचं. पोळपाटाएवढं का असेना, विमान आमचं होतं. माझ्या आईने शेजारणीला सांगून ठेवलं होतं की पोरगं जगातलं सगळ्यात वेगवान विमान बनवतं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

ईव्हा आमच्याकडे आली ती चहाची गाडी ढकलायला. नवरा लढाईत गेलेला, मूलबाळ नाही, खांदे रुंद, आवाज असा की गाडी दिसायच्या आधी चहा आल्याचं कळावं. सगळ्यांना 'माझ्या राजा' म्हणायची. मलाही, हक्स्टेबलसाहेबांनाही, आणि कारखान्याच्या मांजरालाही. तिला फ्रेंच येतं हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते कळलं चौसष्ट साली. तुलूजचा पहिला फोन आला तेव्हा ऑफिसात सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे होते. पलीकडचा माणूस धडाधड बोलतोय आणि इकडे हक्स्टेबलसाहेब 'हॅलो, हॅलो' करून घामाघूम. ईव्हाने गाडी तिथेच सोडली, पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसले आणि रिसीव्हर घेतला.

नंतर विचारलं तर म्हणाली, "फांशने शिकवलं. कांदेवाल्याने."

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले कांदेवाले दरवर्षी जहाजाने यायचे आणि सायकलच्या दांडीला कांद्याच्या माळा लटकवून दारोदार विकायचे. त्यांतल्या एकाचे कांदे ईव्हाच्या वडलांच्या पडवीत ठेवलेले असत. तो दर पावसाळी दिवशी तिथेच बसून माळा ओवायचा आणि ही पोर शेजारी बसून त्याचं फ्रेंच गोळा करायची. तेव्हा तिचं फ्रेंच कांद्याचं फ्रेंच होतं. तुलूजचे लोक ते ऐकून पहिले आठ दिवस नुसते हसत होते म्हणे. पण हसता हसता त्यांना सगळं कळत होतं.

मग साहेबांनी नकाशांच्या खोलीच्या कोपऱ्यात काच लावलेली एक लाकडी खोली करवून घेतली, आत टेबल, खुर्ची आणि फोन. रोज सकाळी दहाला ईव्हा तिथे बसायची. पलीकडे तुलूजला रेमों कास्तेरां नावाचा माणूस बसायचा. तोही नकाशेवाला, माझ्यासारखाच. आदल्या दिवशी जे बदल झाले असतील ते एकमेकांना वाचून दाखवायचे, उतरवून घ्यायचे, कागद मागाहून टपालाने. आणि नियम काय, तर प्रत्येकाने आपल्याच भाषेत वाचायचं. वरून हुकूम होता. कुणी कुणाच्या भाषेपुढे मान वाकवायची नाही. म्हणजे फ्रेंच येणारी बाई इंग्रजीत वाचणार, आणि पलीकडचा बिचारा शाळेतल्या इंग्रजीवर ते उतरवणार. कामाचं संपलं की मग दोघं कांद्याच्या फ्रेंचमध्ये गप्पा हाणायचे. ती फुकटची नव्हे, ती खरी कामाची वेळ, असं माझं मत आहे.

माझं काम तिच्यामागे उभं राहायचं, ती वाचते ते कागदाशी ताडून बघायचं आणि खाली सही करायची: बरोबर वाचलं.

त्या खुर्चीने ईव्हा बदलली. पहिल्या दिवशी ती घरून उशी घेऊन आली. दुसऱ्या आठवड्यात केस नीट करून घेतले. रविवारी देवळात घालायचा निळा कोट ती बुधवारीसुद्धा घालू लागली. एकदा मी चिडवलं, "काय ईव्हल, फोनमधून दिसतेस काय त्याला?" तर म्हणाली, "मी चौदा वर्षं चहा ओतला, सिरिल. कुणी माझ्या कपाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आता मी गप्प बसले तर दोन देशांचं काम अडतं. कोट घालायला नको का?" 

सदुसष्टच्या शरदातली गोष्ट. डिसेंबरात तुलूजला पहिलं विमान लोकांपुढे आणायचं ठरलं होतं. सगळ्यांच्या शेपटीला आग लागली होती. रशियन लोक त्यांचं विमान आधी उडवणार अशी रोज नवी बातमी. अमेरिकेचं अजून कागदावर, पण ते आमच्यापेक्षा मोठं आणि वेगवान होणार म्हणून त्यांचा तोरा. आणि लंडनमध्ये काही जण असे होते की त्यांना हे विमान नकोच होतं. करार असा बांधलेला की एकट्याला बाहेर पडता येईना, म्हणून ते निमित्त शोधत बसलेले. हक्स्टेबलसाहेबांनी सांगून टाकलं, "टपालाची वाट बघू नका. फोनवर सांगा आणि त्यांना कामाला लागू द्या."

तसं आम्ही सांगितलं. कागदावर होतं: पत्र्यावरचा मधला एरिया मोकळा ठेवा, साठ मिलिमीटर. कारण आमच्या झाकणाची कडी तिथे बसायची, तिच्या वाटेत नळी किंवा खिळा यायला नको. साधी गोष्ट. ईव्हाने वाचलं. पलीकडून रेमोंने काहीतरी विचारलं. ईव्हा म्हणाली, "हो माझ्या राजा, तेच." मी सही केली.

तीन आठवड्यांनी लाकडी खोका आला. सहा पत्रे. मी पहिला उचलला आणि उजेडाकडे धरला. बरोबर मधोमध, जिथे कडी बसायची तिथे, एक गोल भोक. साठ मिलिमीटरचं. आणि काय भोक होतं. कड अशी घासलेली की बोट फिरवत राहावंसं वाटावं. सहाही पत्र्यांना एकेक. इतकं सुंदर चुकीचं काम मी जन्मात बघितलं नव्हतं.

हक्स्टेबलसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते डंकर्कला होते, आणि तिथला फ्रेंचांवरचा राग त्यांनी सत्तावीस वर्षं जपून ठेवला होता. म्हणाले, "मुद्दाम केलंय. आपलं झाकण बसू नये म्हणून केलंय. मी लंडनला लिहितो. पत्रासुद्धा आपणच करू, त्यांना घरी बसू दे." आणि खरंच लिहिलं. लंडनला काय, हवंच होतं. खात्याचा माणूस येऊन चौकशी करणार असं उलट टपाली उत्तर आलं. तुलूजहून रेमोंला बोलावणं गेलं. चूक कुणाची ते ठरणार, आणि रेमोंची ठरली तर त्यांच्या कारखान्याचं काम जाणार.

त्या दिवशी चहाच्या वेळी ईव्हा माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला.

"सिरिल, मी काय म्हणते ते नीट ऐक. एरियल."

"एरिया. बरं मग?"

"आणि घरावर टीव्हीसाठी काय लावतात?"

"एरियल."

"आता या दोन शब्दांत फरक काय, सांग."

 दोनदा म्हणून बघितलं, मनात एकदा. माझ्या तोंडून दोन्ही वेळा तेच आलं. मला फरक माहीत होता, लिहिताना चुकलो नसतो, पण म्हणता येत नव्हता.

"फांश मला चिडवायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, तुम्ही ब्रिस्टलवाले दर शब्दामागे एक ल फुकट देता. मी त्याच्यावर कांदा फेकला होता. खोटं बोलतोय वाटलं मला. सिरिल, त्या बिचाऱ्याने विचारलं होतं रे. एरियल? असं विचारलं. आणि मी म्हटलं, हो माझ्या राजा, तेच. त्याला वाटलं तिथून एरियलचा खांब बाहेर येणार. त्याने भोक पाडलं. किती मन लावून पाडलंय बघ."

"त्याला आश्चर्य नाही वाटलं? विमानाच्या पोटाखाली, कडीच्या जागी एरियल?"

"वाटलं असेल. पण परत विचारलं की तुमचे साहेब अपमान झाल्यासारखे ओरडतात, असं तो नेहमी म्हणतो. एकदा विचारलं, झालं."

मी उठून दार लावलं. खरं सांगतो, मी तिला गप्प बसायला सांगितलं. म्हटलं, "कागदावर एरिया आहे. माझी सही आहे. टेप नाही, काही नाही. तू बोललीस तर साहेब तुला त्या खुर्चीवर एक दिवस ठेवणार नाहीत. परत चहाची गाडी. कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली. तिने काचेच्या खोलीकडे बघितलं, तिथे खुर्चीवर तिची उशी होती. "मी आज सकाळपासून तेवढंच मोजतेय. एका बाजूला ती खुर्ची, दुसऱ्या बाजूला रेमों."

"रेमोंला तू पाहिलेलंसुद्धा नाहीस."

"तू माझ्या नवऱ्याला पाहिलंयस?" एवढं म्हणून ती कप घेऊन गेली. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. घरी जाताना पुलावर लागला: न पाहिलेला माणूससुद्धा कुणाचा तरी असतो.

चौकशी मंगळवारी दुपारी झाली, नकाशांच्याच खोलीत. सहा पत्रे टेबलावर ओळीने मांडलेले. खात्याचा माणूस लंडनचा, बारीक, पांढरा रुमाल खिशात, बोलणं असं स्वच्छ की प्रत्येक अक्षर इस्त्री करून ठेवलेलं. रेमों कास्तेरां मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पन्नाशीचा, ठेंगणा, जाड मिशा, रात्रभराच्या प्रवासाने कोट चुरगळलेला. आल्या आल्या त्याने खोलीभर नजर फिरवली आणि आवाजावरून शोधायला लागला. ईव्हा "बसा" म्हणाली तसा वळला आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरून म्हणाला, "मादाम-अ ईव्हल." तुलूजच्या माणसाची तऱ्हा आमच्या उलट. त्यांच्या भाषेतली जी शेवटची अक्षरं बाकीचे फ्रेंच गिळतात ती हे लोक मोठ्याने म्हणतात. कॉन्कॉर्डलासुद्धा तो कॉन्कॉर्ड-अ म्हणायचा. त्याच्या सरकारने भांडून मागितलेला तो मुका ई त्याच्या गावात मुका नव्हताच.

हक्स्टेबलसाहेबांनी आमचा कागद काढला. "हे बघा. एरिया मोकळा ठेवा. खाली तपासणाऱ्याची सही."

रेमोंने आपली वही काढली. खात्याच्या माणसाने वाचलं, भुवया उंचावल्या. "इथे एरियल लिहिलंय."

"मग?" साहेब म्हणाले. "चुकीचं लिहिलंय, नाहीतर मागाहून लिहिलंय. ऐकायचं एक आणि करायचं दुसरं. आम्हाला यांची सवय आहे."

रेमोंला 'मागाहून' हा शब्द कळला असावा. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. त्याने वही मिटली नाही, टेबलावर तशीच उघडी ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला. खात्याच्या माणसाने पेनाचं टोपण काढलं. तो काय लिहिणार हे मला दिसत होतं. आणि मी, ज्याची सही त्या कागदावर होती, मूग गिळून बुटांकडे बघत होतो.

ईव्हा उभी राहिली. निळा कोट, सगळी बटणं लावलेली.

"साहेब, एक मिनिट. या सद्गृहस्थांना मी एक ओळ सांगते. त्यांनी ऐकू येईल तसं लिहावं." ती लंडनच्या माणसाकडे वळली. "तुम्ही लिहा. रेमों नाही, तुम्ही."

"मिसेस पोपल, बसा," हक्स्टेबलसाहेब म्हणाले.

ती बसली नाही. सरळ समोर बघत, फोनवर वाचायची तशी, सावकाश आणि स्पष्ट म्हणाली, "मधला एरियल मोकळा ठेवा, साठ मिलिमीटर."

लंडनच्या माणसाने लिहिलं. कागद सर्वांपुढे धरला. एरियल.

"असं म्हणाली नाही ती," साहेब ओरडले. "कान तपासून घ्या. ती एरियल म्हणाली. मी स्वतः ऐकलं. एरियल!"

 लंडनच्या माणसाने खालमानेने ओठ दाबले, पण खांदे हलत होते. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, आमच्यातल्या कुणालाच हसू आलं नाही, कारण आम्हाला साहेब एरिया म्हणाले असंच ऐकू आलं होतं. ईव्हा म्हणाली, "आमच्या साऱ्या गावाला तो ल ऐकू येत नाही, सर. यांना आला. यांनी परत विचारलंसुद्धा होतं, आणि मी हो म्हटलं. तेव्हा तुमच्या कागदावर जे लिहायचं ते माझ्या नावाने लिहा. या माणसाने आम्ही सांगितलं ते, सांगितलं तसं, उत्तम केलंय. हात लावून बघा ते भोक."

लंडनच्या माणसाने खरंच बोट फिरवून बघितलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. तो गाडीत बसताना मी दार धरलं होतं, तेव्हा स्वतःशीच म्हणाला, "हे मी वर कसं कळवू? ब्रिस्टलच्या उच्चारामुळे करार मोडा म्हणून?" आणि गेला. तो विषय लंडनला पुन्हा निघाला नाही.

पण हक्स्टेबलसाहेबांना ते झोंबलं होतं. पाहुण्यांपुढे, त्यात फ्रेंचापुढे, त्यांच्या तोंडून ल निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या खोलीत शहराच्या श्रीमंत भागातली, क्लिफ्टनची मिस वेदरॉल बसली, रेडिओसारखी बोलणारी. आणि दहाला चहाची गाडी घेऊन ईव्हा आली. एप्रन घालून. आवाज न करता. गाडी दिसेपर्यंत चहा आल्याचं कुणाला कळलं नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तिकडे तुलूजहून रोज फोन. मिस वेदरॉल काचेतून ऐकू येईल अशा आवाजात सांगायची, "ईव्हल नावाचं इथे कुणी नाही." दुसऱ्या दिवशी परत. "मी सांगितलं ना, त्या नावाची व्यक्ती इथे काम करत नाही." आणि ती खोटं बोलत नव्हती. हजेरीच्या पुस्तकात ईव्हा पोपल होती. ईव्हल कुठेच नव्हती.

डिसेंबरात तुलूजला विमान लोकांपुढे आलं. आमच्या मंत्र्यांनी तिथे उभं राहून जाहीर केलं की आता इंग्लंडसुद्धा शेवटी ई लावणार. भांडण मिटलं. माझ्यापुढे चार हजार कागद आले, ज्यांवर आता तोच ई परत लिहायचा होता. मी दात-ओठ खात बसलो होतो आणि त्याच आठवड्यात तुलूजचा खोका आला. आत सहा नवे पत्रे, भोक नसलेले, एकदम बिनचूक. पत्र्यांच्या खाली गवतात गुंडाळलेली एक गोल चकती. त्या पहिल्या भोकांपैकी एकातून निघालेली, साठ मिलिमीटरचीच. घासून आरसा केलेली, आणि वर कोरलेलं: मादाम ईव्हल. सोबत चिठ्ठी, साहेबांच्या नावाने, रेमोंच्या शाळेतल्या इंग्रजीत. लिहिलं होतं की नवीन बाईंचं बोलणं फार सुंदर आहे, पण त्यांच्या चुका आम्हाला माहीत नाहीत. मादाम ईव्हलची चूक एकच आहे आणि ती आम्हाला पाठ आहे. तेव्हा यापुढे आम्ही मादाम ईव्हलकडूनच उतरवून घेऊ.

मी ती चकती आणि चिठ्ठी घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बसलो.

"साहेब, वाचलं तिने, पण ऐकलं मी. सही माझी आहे. चहाची गाडी ढकलायची असेल तर मी ढकलतो."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, "तू चहा केलास तर अर्धा कारखाना आजारी पडेल. बोलाव तिला."

ईव्हा आली, ओले हात एप्रनला पुसत. साहेबांनी तिच्याकडे न बघता चकती टेबलावरून पुढे सरकवली. "उद्यापासून तुमची खुर्ची तुमची. रोज वाचल्यावर पलीकडच्याने परत म्हणून दाखवायचं, मगच सही. आणि हे त्यांनी पाठवलंय. नाव चुकीचं कोरलंय. ब्रेसी, खाली नेऊन घासून नीट करून आण."

ईव्हाने चकती उचलली. खिडकीकडे धरून वाचली. अंगठा अक्षरांवरून एकदा फिरवला, शेवटच्या ल वर थांबला.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "नाव बरोबर आहे. तुम्हीच अठरा वर्षं मला याच नावाने हाक मारताय."



ती चकती काचेच्या खोलीच्या दाराला मी माझ्या हाताने बसवली, चार स्क्रूंनी. नव्याने आलेला प्रत्येकजण सांगायचा की यात एक अक्षर जास्त आहे, आणि आम्ही प्रत्येकाला सांगायचो की नाही, बरोबर आहे.

रशियन लोकांनी त्यांचं विमान आधी उडवलं, अडुसष्टच्या अगदी शेवटच्या दिवशी. मग मार्चमध्ये तुलूजचं उडालं. आमचं, फिल्टनचं, एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये. त्या दुपारी कारखान्यात कुणी कामाचं नाव काढलं नाही, सगळे खिडक्यांना. ईव्हाने तुलूजला फोन लावून ठेवला होता. शहरापलीकडून गडगड सुरू झाली तशी तिने वायर ओढून रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, हात लांब करून, वारा असूनही. काचा थरथरल्या, टेबलावरच्या पेन्सिली घरंगळल्या, हक्स्टेबलसाहेब टोपी काढून उभे होते. झाडांच्या वर एक पांढरी रेघ दिसली आणि ढगात गेली. त्या रेघेच्या पोटाखाली आमचं झाकण होतं, त्यांच्या पत्र्यावर घट्ट बसलेलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

ईव्हाने रिसीव्हर कानाला लावला. रोजच्या नियमाप्रमाणे, आपल्या भाषेत, सावकाश आणि स्पष्ट वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, "एरियल मोकळा आहे, माझ्या राजा."

पलीकडून परत म्हणून दाखवायचं होतं. ती माझ्या कानाशी रिसीव्हर घेऊन आली, मला ऐकू यावं म्हणून. रेमोंचा आवाज बसला होता. तिकडे तोही रडत होता, हे कुणालाही कळलं असतं.

"एरिया-अ मोकळा," तो म्हणाला. "मेर्सी, मादाम-अ ईव्हल."

मी त्या दिवसाचा कागद पुढे ओढला आणि सही केली. बरोबर वाचलं. बरोबर ऐकलं.